बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकलेत: हेड घरी करायचं, मशीन शॉपला द्यायचं की जुनं आणायचं?

जुन्या सँट्रोवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे १९९८ ते २०१४ मधली कुठलीही, पण टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम जोडीने फिरवणारा पट्टा) तुटल्यावर ज्या ज्या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो त्या सगळ्यांना हे लागू आहे. हेड म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग.

पहिली गोष्ट, नुसता नवीन बेल्ट टाकून सेल्फ मारत बसू नका. सेल्फ हलका फिरतोय म्हणजे व्हॉल्व्ह वाकलेच असंही नाही, कारण बेल्ट नसताना कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरतच नाही आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. त्यापेक्षा एकेक सिलिंडर घ्या, इनटेक (हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद होतील असा कॅम हाताने लावा (पिस्टन आधी अर्ध्यावर आणून ठेवा म्हणजे फिरवताना धडक होणार नाही) आणि प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडून शांतपणे ऐका. थ्रॉटलकडून सूं ऐकू आलं तर इनटेक व्हॉल्व्ह गेला, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट, आणि ऑइल टाकायच्या झाकणातून जोरात हवा आली तर पिस्टनच्या रिंगा पण गेल्यात. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण रिंगा गेल्या असतील तर नुसत्या हेडवर पैसे घालण्यात अर्थ नाही, पूर्ण इंजिनचा हिशोब करावा लागतो.

दुसरं, वाकलेला व्हॉल्व्ह सरळ होत नाही. 'ठोकून सरळ करून देतो' असं कोणी म्हणालं तर गाडी तिथून उचला. स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) दिसायला सरळ झाला तरी त्या जागी धातू थकलेला असतो, पुढे चालत्या इंजिनात व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं की पिस्टन, हेड सगळं जातं. काचेवर स्टेम लोळवून बघा, थोडासा जरी डोलला तरी तो बाद. सँट्रोत १२ व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक आणि एक एक्झॉस्ट, त्यातले वाकलेत तेवढेच बदलले तरी चालतं, पण सील (स्टेमवरून ऑइल खाली जाऊ न देणारे) मात्र बाराच्या बारा नवीन टाका.

आता खरा प्रश्न, कुठे करायचं. सगळं घरीच करायचं म्हटलं तर टॉर्क रेंच, स्प्रिंग कॉम्प्रेसर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आणि चार दिवस गाडी उघडी राहिली तरी कोणी ओरडणार नाही अशी छपराखालची जागा, एवढं पाहिजेच. घरी काय छान होतं, तर व्हॉल्व्ह घासणं. ग्राइंडिंग पेस्टचा पातळ थर व्हॉल्व्हच्या कडेला लावायचा, रबरी चोषक असलेली काठी डोक्याला चिकटवायची आणि दोन तळहातांत धरून रवी घुसळतो तशी पुढेमागे फिरवायची, मधे मधे उचलून जागा बदलायची. आधी खरखरीत आवाज येतो, मग तो मऊ होत जातो आणि पुसून बघितलं की सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती हेडमधली कडा) राखाडी, कुठेही न तुटलेली रिंग दिसते. ती रिंग एका बाजूला जाड नि दुसऱ्या बाजूला बारीक असेल, नाहीतर मधेच तुटलेली असेल, तर घासत बसून काही होणार नाही, गाईड (स्टेम ज्यात सरकतो ती नळी) हललाय किंवा सीट खराब झालीय. घासून झालं की पेस्टचा कण न् कण धुवा, मग स्प्रिंगा चढवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता आणि खालून बघा, सीटपाशी ओल सुटायला नको.

पण घरच्या कामाची हद्द इथेच संपते. व्हॉल्व्ह वाकतो तेव्हा तो गाईडला बाजूने रेटतो, त्यामुळे गाईड तोंडाशी पसरतो नाहीतर त्याला तडा जातो, आणि गाईड बदलणं, सीट कटिंग, फेसिंग (हेडचा खालचा पृष्ठभाग कापून सपाट करणं) ही कामं अंगणात होत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत, हेड घरी काढा, साफ करा, मशीन शॉपला द्या आणि परत घरी बसवा. मजुरीचा मोठा भाग खोलण्या-जोडण्याचा असतो, तो वाचतो, आणि जिथे अचूकपणा लागतो तिथे मशीन असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा जिथे जिथे ट्रॅक्टरची इंजिनं होतात तिथे असं काम करणारा सापडतोच, फक्त एक विचारून घ्या की छोट्या गाडीच्या बारीक स्टेमचा पायलट (सीट कापताना गाईडमध्ये घालायची मार्गदर्शक काडी) आहे का, कारण काहींचा हात ट्रॅक्टरच्या हेडवर बसलेला असतो. तडा तपासायला प्रेशर टेस्ट करून मागा. फेसिंग लागलं तरच आणि कमीत कमी करायला सांगा (पट्टी ठेवून फिलर गेजने तपासता येतं, अशा छोट्या अ‍ॅल्युमिनियम हेडला साधारण ०.०५ मिमीपर्यंत वाकडेपणा चालतो, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा), कारण जास्त कापलं की कंप्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या अजून जवळ येतात.

मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून नाहीतर स्क्रॅपवाल्याकडून जुनं हेड आणणं स्वस्त वाटतं, पण तेही खोलून, सील बदलून, तपासूनच बसवावं लागतं, म्हणजे आपल्या हेडला तडा गेला असेल किंवा कॅमची बैठक खराब झाली असेल तरच त्यात फायदा. पूर्ण इंजिनच बदलणार असाल तर इंजिन नंबर बदलतो आणि आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, त्यामुळे बिलाशिवाय इंजिन घेऊ नका.

गाडी रोज कामाला लागते किंवा सोसायटी खोलू देत नाही त्यांनी सरळ गॅरेजला द्यावी, फक्त जुने व्हॉल्व्ह आणि मशीन शॉपचं बिल दाखवा म्हणून आधीच सांगून ठेवा.

साफसफाईत मात्र घर जिंकतं, कारण गॅरेजमध्ये एवढा वेळ कोणी देत नाही. पेट्रोलने धुणं टाळा, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते, त्यापेक्षा डिझेल किंवा चांगला डीग्रीझर नि जुना टूथब्रश बरा. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, हेडच्या आसपासही आणू नका. गॅस्केट बसते त्या जागेवर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपरची चकती फिरवू नका, ओरखडे पडतात आणि ते बारीक कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातात, प्लास्टिकची पट्टी आणि संयम एवढं पुरतं. ब्लॉकवरचा कार्बन काढताना बाकी सिलिंडर आणि पाण्याची भोकं कापडाने बंद करा. आतला गाळ काढायला फ्लशची बाटली ओतण्यापेक्षा ऑइल चेंबर खाली उतरवून ऑइल खेचणारी जाळी धुणं मला पटतं, कारण जुन्या इंजिनात फ्लशने सुटलेली गाळाची ढेकळं त्याच जाळीत अडकून ऑइल बंद पडू शकतं. काळं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

बसवताना हेड बोल्टच्या भोकात ऑइल-पाणी राहिलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंप आत्ताच बदला, नंतर तेवढ्यासाठी परत सगळं खोलावं लागतं. क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या टायमिंगच्या सगळ्या खुणा जुळल्या की प्लग काढून क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, कुठे अडला तर जोर न लावता तिथेच थांबा आणि खुणा परत बघा, सेल्फ त्यानंतरच.