खड्ड्यातली हवा आणि मोबाईलवरचं २०.९

नायट्रोजन किंवा आरगॉन वापरणारा छोटा कारखाना, लॅब, पॅकिंग युनिट जे कोणी चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑक्सिजन मोजणारं खोटं उपकरण आम्हाला विकलं गेलं. आमचे पैसे गेले, ते गेलेच. पण ज्या गोष्टीत आम्ही फसलो तिथे माणूस जाऊ शकतो, आणि आमच्याकडचा थोडक्यात वाचला. म्हणून सविस्तर सांगते.

पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे धातू तापवून-थंड करून कडक करायचं शॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता भाऊ शॉप फ्लोअर बघतो आणि मी खरेदी, हिशेब, क्वालिटीची कागदपत्रं. दोन व्हॅक्यूम फर्नेस आहेत. डाय, पंच, कटर असं टूल स्टीलचं काम जास्त. जॉब हजार अंशांवर तापवायचा आणि मग भट्टीत दाबाखाली नायट्रोजन सोडून तो झपाट्याने थंड करायचा. टायटॅनियमचा जॉब आला की आरगॉन लागतो, कारण तापलेलं टायटॅनियम नायट्रोजनलाही धरतं. बाहेर लिक्विड नायट्रोजनची टाकी, आत बफर टँक, भिंतीला आरगॉनच्या सिलिंडरांची रांग. व्हॅक्यूम पंप जमिनीखाली, खड्ड्यात. तीन मीटर लांब, दोन रुंद, दीड खोल.

या खड्ड्याचा हिशेब मी आता तोंडपाठ सांगू शकते, तेव्हा कधी मांडलाच नव्हता. नऊ घनमीटर जागा. आरगॉनच्या एका भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर वायू असतो, आणि आरगॉन हवेच्या जवळजवळ १.४ पट जड. कुठे गळाला तर उतरून खड्ड्यात बसतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. १९.५ च्या खाली गेला की ती हवा कमी ऑक्सिजनची धरतात. आमच्या खड्ड्यात अर्धा-पाऊण घनमीटर आरगॉन मिसळला की झालं. त्याला वास नाही, रंग नाही. आणि घुसमटही होत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. जीव घुसमटतो तो मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. इथे श्वास नेहमीसारखा चालू असतो, तो वायू बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर तक्रारच करत नाही. ऑक्सिजन ४ ते ६ टक्क्यांवर आला तर माणूस ४० सेकंदांत बेशुद्ध होतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच पडतो.

हे सगळं आम्हाला समजावून सांगितलं ते ज्याने फसवलं त्यानेच.

फर्नेसची सायकल आठ-दहा तासांची, बऱ्याचदा रात्रभर चालते. रात्रपाळीला एक ऑपरेटर, एक हेल्पर. भावाच्या मनात कायम भीती असायची की रात्री काही झालं तर आपल्याला सकाळीच कळणार. २०२३ च्या सुरुवातीला एका औद्योगिक प्रदर्शनात या माणसाचा स्टॉल दिसला. घरबसल्या मोबाईलवर ऑक्सिजनची पातळी, कमी झाली की एसएमएस आणि फोन. नंतर तो शॉपमध्ये आला, दोन तास बसला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गेन्सव्हिल इथे २८ जानेवारी २०२१ ला कोंबडीचं मांस गोठवणाऱ्या कारखान्यात लिक्विड नायट्रोजन सांडून सहा कामगार गेले, त्याची माहिती त्याने स्क्रीनवर दाखवली. त्या खोलीत ऑक्सिजन मोजणारं, धोका सांगणारं एकही उपकरण नव्हतं, हे त्याने दोनदा वाचून दाखवलं. घटना खरी आहे, मी नंतर तपासली. त्या सहा माणसांच्या मरणाचा वापर त्याने आम्हाला खोटं उपकरण विकायला केला, हे आठवलं की आजही संताप होतो.

चार सेन्सर हेड, म्हणजे जागोजागी ऑक्सिजन मोजणारी उपकरणं, त्यांचे आकडे इंटरनेटवर पाठवणारा एक गेटवे, त्यात सिम, मोबाईलवर ते आकडे दाखवणारा डॅशबोर्ड. ३ लाख ६० हजार अधिक जीएसटी, आणि दरवर्षी २४ हजार वर्गणी. दुसऱ्या एका कंपनीचं कोटेशन जवळपास दुप्पट होतं. निम्मा ॲडव्हान्स दिला, मे महिन्यात बसवून झालं.

डेमो ऑफिसच्या दाराजवळच्या हेडवर झाला. त्याने पॉलिथिनच्या पिशवीत नायट्रोजन भरला आणि ती हेडवर चढवली. आकडा २०.९ वरून उतरत १९.५ खाली गेला, हूटर वाजला. १८ ला भावाचा आणि माझा फोन एकाच वेळी वाजला. आम्हाला किती हायसं वाटलं काय सांगू. मी म्हटलं, आता खड्ड्यातल्या हेडवरही करून दाखवा. तो म्हणाला, "ताई, तिथलं ग्लँडिंग, केबलचं तोंड सील करायचं काम, आत्ताच केलंय, हलवायला नको. चारही हेड सेमच आहेत." मी बरं म्हटलं. चार कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दिली, म्हणजे हेड बरोबर मोजतात असे लॅबचे दाखले, वर एनएबीएलचं, म्हणजे अशा लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं चिन्ह. मी ती फाईलला लावली. चारही हेडची रीडिंग दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत एकसारखी होती, हे तेव्हा पानं उलटताना माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी थांबले नाही.

त्याआधी आमची पद्धत साधी होती. पोर्टेबल मीटर दोरीला बांधून खड्ड्यात सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, आकडा बघायचा, मग उतरायचं. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ मध्येही अशा जागेत उतरण्याआधी जाणकार माणसाने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यावा असं होतं. पण डॅशबोर्ड आल्यावर मीटर कपाटात गेला. काही महिन्यांनी त्याचा सेन्सर संपला. नवीन घ्यायचा प्रस्ताव माझ्याकडे आला तेव्हा मी त्यावर "आता गरज नाही" असं लिहून सही केली. तो कागद मी जपून ठेवलाय.

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, सकाळी रोटरी पंपाचं तेल बघायला खड्ड्यात उतरले. ऑइल विंडो अगदी खाली आहे, जवळजवळ ओणवं व्हावं लागतं. तीन-चार मिनिटांनी वर आले ते शिडीच्या शेवटच्या पायरीला धरूनच बसले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, पायातलं बळच गेलं." मी लगेच मोबाईल उघडला. "पिट" हा चौकोन हिरवा, आकडा २०.९. मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, "मामा, हवा एकदम ठीक आहे. उपासाने झालं असेल." त्यांना बाहेर झाडाखाली बसवलं, केळं आणि राजगिऱ्याचा लाडू दिला. अर्ध्या तासात बरं वाटलं. आणि राहिलेलं तेल भरायला मी हेल्परला खाली पाठवलं. बावीस वर्षांचा मुलगा. तो दोन मिनिटांत वर आला.

हे मी स्वतः केलं. मोबाईलवर विश्वास ठेवून केलं.

दिवाळीत शॉप आठवडाभर बंद असतं, तेव्हा रंगकाम काढलं. रंगाऱ्याला अडचण होत होती म्हणून भावाने खड्ड्यातल्या हेडची केबल सोडली आणि हेड काढून टेबलावर ठेवला. संध्याकाळी सवयीने मोबाईल बघितला तर पिट २०.९, हिरवा. आधी त्याला वाटलं ॲप अडकलंय. बंद करून उघडलं. तेच. टेबलावर हेड, खाली लोंबणारी मोकळी वायर, आणि स्क्रीनवर खड्ड्यातली हवा उत्तम.

त्या रात्री आम्ही चारही हेड उघडले. अशा सेन्सरमध्ये एक सेल असतो, छोट्या डबीएवढा. आत शिसं असतं, ऑक्सिजनमुळे ते हळूहळू खर्च होतं, म्हणून दोन-तीन वर्षांत सेल बदलावाच लागतो. ऑफिसच्या दारातल्या हेडमध्ये चांगला सेल होता. दुसऱ्यात जुना, तारखेचं लेबल खरवडलेला. फर्नेसमागच्या आणि खड्ड्यातल्या हेडमध्ये सेलच नव्हता. जाळीच्या मागे रिकामी जागा, आणि पाठीमागे नखाएवढा एक सर्किटचा तुकडा. भावाने मल्टिमीटर लावला. हेडकडून गेटवेला ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल जातो, ४ म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे २५ टक्के. या मापात २०.९ टक्के म्हणजे १७.३८ मिलीअँपिअर. मीटरवर १७.३८ दिसत होतं. हेडवर नायट्रोजनची पिशवी घातली तरी १७.३८. तुकडा तेवढंच करण्यासाठी बनवलेला होता. वायर तुटली की सिग्नल शून्यावर येतो आणि नीट बनवलेली यंत्रणा तिथे लगेच "फॉल्ट" दाखवते. इथे सॉफ्टवेअर शेवटचा आकडाच दाखवत राहायचं.

मग मी दीड वर्षाचा आलेख काढला. खड्ड्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. इतका साधा पुरावा रोज समोर होता. पावसाळ्यात हवेत वाफ वाढते, तिने जागा व्यापली की ऑक्सिजनचा वाटा थोडा घटतो. पुण्याच्या जुलैत खरा सेन्सर २०.२, २०.३ असं काहीतरी दाखवतो आणि दिवसभरात थोडा हलतो. दारातल्या हेडची रेघ दोन्ही पावसाळ्यांत खाली आली होती. खड्ड्याची आली नव्हती.

आरगॉनच्या लाईनला साबणाचं पाणी लावलं तेव्हा मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळे सिलिंडर जोडणाऱ्या पाइपच्या एका नटवर बुडबुडे आले, तिथून वायू गळत होता. एकादशीच्या दिवशी खाली ऑक्सिजन किती होता हे आता कोणीच सांगू शकणार नाही. मामांना सगळं सांगितलं, माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "पोराला खाली पाठवायला नको होतं, ताई." बरोबरच होतं ते.

ज्या लॅबच्या नावाची सर्टिफिकेट होती तिथे फोन केला. त्यांनी ती दिलेलीच नव्हती. त्यांना ऑक्सिजन सेन्सर कॅलिब्रेट करण्याची मान्यताही नव्हती. कोणत्या लॅबला कशाची मान्यता आहे ते एनएबीएलच्या वेबसाईटवर कोणालाही बघता येतं. मला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं मी मे २०२३ मध्ये काढायला हवी होती.

विक्रेत्याने पहिल्या फोनवर "बॅच प्रॉब्लेम" सांगितला, दुसऱ्यावर नवीन हेड पाठवतो म्हणाला, नंतर फोन बंद. जीएसटी नोंदणी रद्द झालेली निघाली. वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक आयोगात सहसा दाद मिळत नाही. व्यवहार २०२३ चा असल्याने भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली पोलिसांत अर्ज दिला. तपास चालू आहे. हेड आम्ही पंचनाम्याआधी उघडले ही चूक झाली, असं वकील म्हणाले. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी व्हिडिओ सुरू करा, दोन साक्षीदार ठेवा, मगच स्क्रू काढा.

घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. डेमो कोणत्या हेडवर घ्यायचा ते तुम्ही ठरवा, आणि एकावर भागवू नका, प्रत्येक हेडवर पिशवी घाला. त्यानंतर केबल ओढून काढा. तिथे "फॉल्ट" आला नाही तर पैसे देऊ नका. सिम काढा, इंटरनेट बंद करा, हूटर तरीही जागेवर वाजलाच पाहिजे. आमचा हूटर सर्व्हरवरून आज्ञा आली तरच वाजायचा, म्हणजे वर्गणी संपली की मुका. आरगॉन वापरत असाल तर हेड खाली, गुडघ्याच्या उंचीला हवा. आमच्या खड्ड्यातला हेड केबल वाचवायला काठाच्याही वर बसवला होता, खरा असता तरी त्याला खालचं उशिराच कळलं असतं. सेलवरची तारीख स्वतः वाचा. आणि कोटेशन निम्म्यात येत असेल तर दुसऱ्या निम्म्यात काय होतं ते विचारा.

नवी यंत्रणा आम्ही पूर्ण किमतीला घेतली, फोन तिच्यावरूनही येतो. पण मीटर पुन्हा दोरीला बांधलाय. खड्ड्यात जो उतरणार त्यानेच तो सोडायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. शनिवारी सगळ्या हेडवर पिशवी घातली जाते, ते काम मामांनी कोणालाही दिलेलं नाही. गेल्या जुलैच्या पानावर २०.३, २०.२, २०.४ असे आकडे आहेत, त्यांच्या तिरक्या अक्षरात.