डिझाइनमध्ये पीएचडी: प्रबंध लिहायचा की काम करून दाखवायचं?

बरीच वर्षं स्टुडिओत काम केलेली मंडळी पीएचडीचा विचार करायला लागली की इथेच अडकतात, नेहमीचा प्रबंध करायचा की आपलं डिझाइनच संशोधन म्हणून मांडायचं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये क्रिस्टोफर फ्रेलिंगने १९९३ मध्येच याची फोड केली होती: डिझाइनविषयी संशोधन (त्याचा इतिहास, सिद्धांत अभ्यासणं), डिझाइनमधून संशोधन (बनवता बनवता शोधणं) आणि डिझाइनसाठी संशोधन (बनवण्यासाठी माहिती गोळा करणं). क्लायंटच्या कामासाठी आपण रेफरन्स गोळा करतो त्यालाही रिसर्चच म्हणतो, पण तेवढ्यावर कोणी पीएचडी देत नाही हे आधी मनात पक्कं करा.

आता देवनागरी टाइपचंच, म्हणजे छापायच्या अक्षरांचंच घ्या. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप कसा घडला हा प्रश्न असेल तर सरळ प्रबंध करा, कारण उत्तर जुने नमुने, पुस्तकं, कागदपत्रं यात आहे आणि त्यासाठी स्वतः अक्षर काढायची गरज नाही. पण ‘उद्ध्वस्त’सारख्या शब्दातली जोडाक्षराची उतरंड मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ओळींमधलं अंतर न वाढवता वाचनीय कशी ठेवायची, हे लायब्ररीत बसून कळणार नाही, ते काढून, मोडून, वाचकांसमोर ठेवून, परत काढूनच कळतं आणि तिथे प्रॅक्टिसचाच, म्हणजे काम करून संशोधन मांडायचाच रस्ता बरोबर आहे.

मात्र तो सोपा आहे असं समजून कोणी जाऊ नका! प्रबंधात शब्द जास्त लिहावे लागतात हे खरं, पण तिथे पद्धत ठरलेली असते, परीक्षकांना काय तपासायचं ते माहीत असतं. प्रॅक्टिसमध्ये सुंदर फॉन्ट झाला म्हणून संशोधन झालं असं होत नाही. झिमरमन, फोर्लिझी आणि इव्हनसन या संशोधकांनी २००७ मध्ये इंटरॅक्शन डिझाइनमधल्या (माणूस ॲप किंवा यंत्र कसं वापरतो त्याच्या डिझाइनमधल्या) अशा संशोधनासाठी चार कसोट्या सांगितल्या, प्रक्रिया, नवेपणा, प्रस्तुतता आणि पुढच्याला त्यावर काम उभं करता येणं. त्यातली पहिली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसऱ्याने तेच केलं तर तोच रिझल्ट यायला हवा असं नाही, पण प्रक्रिया पुन्हा करता येईल इतकी नोंद पाहिजेच. म्हणजे कुठलं स्केच का टाकलं, वाचक कुठे अडखळला, मग काय बदललं, हे पहिल्या दिवसापासून तारखेसकट लिहून ठेवायचं, शेवटच्या वर्षी आठवून लिहिलेलं लगेच कळतं.

मधलाही एक मार्ग आहे, वस्तू बनवायची पण ती माहिती काढायचं साधन म्हणून. गेव्हर, डन आणि पाचेंती या डिझाइन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले कल्चरल प्रोब्स, म्हणजे लोकांचं जगणं समजून घ्यायला त्यांच्या हाती दिलेले वस्तूंचे संच, तसेच, ऑस्लो, ॲमस्टरडॅममधलं बेल्मर आणि इटलीतलं पेच्चोली इथल्या वयस्कर लोकांना पोस्टकार्डं, नकाशे, कॅमेरे दिले आणि परत आलेल्या गोष्टींवरून पुढचं डिझाइन सुचू दिलं.

ज्यांच्याकडे आधीच मोठं काम आहे त्यांनी मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाची पद्धत जरूर बघावी, तिथे काम करणारे आर्किटेक्ट स्वतःच्याच प्रॅक्टिसवर संशोधन करतात आणि ते वेळोवेळी सगळ्यांसमोर मांडतात.

लगेच शिकवायची नोकरी हवी असेल आणि तुमच्या भागातली कॉलेजं फक्त नेहमीचा प्रबंध ओळखत असतील तर प्रबंधच घ्या. नाहीतर काही बनवल्याशिवाय प्रश्न सुटत नसेल तर माझं मत स्पष्ट प्रॅक्टिसच्या बाजूने आहे. फक्त ॲडमिशनआधी गाइडना विचारा की परीक्षक कोण असतात, कामाचं प्रदर्शन मार्किंगमध्ये धरतात का, आणि तिथून पास झालेल्या प्रॅक्टिसच्या पीएचडीचं एक तरी लेखन मागून पूर्ण वाचा.