पाचव्या तारेची कसोटी: बँजोच्या स्वरलेखनासाठी लिलीपॉन्ड

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत) लिहिणारे एखादे सॉफ्टवेअर बँजोवादकाच्या कामाचे आहे की नाही, हे ठरवायचे असेल तर त्याची परीक्षा पाचव्या तारेवर घ्यावी. उरलेल्या चार तारा कोणत्याही सॉफ्टवेअरला अडचणीत टाकत नाहीत. ओपन जी या बँजोच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये त्यांतल्या चौथी, तिसरी आणि दुसरी या तारा तर सुरानेही गिटारच्याच डी, जी आणि बी आहेत. पाचवी तार मात्र आखूड असते. तिची खुंटी मानेच्या बाजूला पाचव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) बसवलेली असते, त्यामुळे तिची लांबी इतर तारांच्या सुमारे तीन चतुर्थांश भरते, आणि जाड तारांच्या बाजूला असूनही तिचा मोकळा सूर पाचही तारांत सर्वांत उंच, म्हणजे ३९२ हर्ट्झचा जी असतो. तारा खालच्या सुराकडून वरच्या सुराकडे चढत जातात आणि सगळ्या एकाच ठिकाणी सुरू होतात, ही दोन गृहीतके तंतुवाद्यांच्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या मुळाशी असतात आणि बँजोची ही एक तार ती दोन्ही मोडते.

लिलीपॉन्ड हे जीएनयू प्रकल्पातले मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर १९९६ पासून विकसित होत आहे. त्यात पडद्यावर स्वर ओढून ठेवायचे नसतात. संगीत साध्या मजकुराच्या रूपात लिहायचे आणि त्यातून छापण्याजोगी पीडीएफ तयार करून घ्यायची, अशी त्याची रीत आहे. हे परीक्षण २.२४ या आवृत्तीवर आधारलेले आहे. सॉफ्टवेअरच्या हस्तपुस्तिकेतच पाच तारी बँजोसाठी प्राथमिक स्वरूपाची सोय असल्याचे म्हटले आहे. ते वर्णन माझ्या मते गरजेपेक्षा विनम्र आहे, कारण ज्या एका गोष्टीवर सगळे अवलंबून असते ती इथे नीट विचार करून हाताळलेली आहे.

ती गोष्ट अशी. पाचव्या तारेचा मोकळा जी आणि पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटला मिळणारा जी यांचा सूर तंतोतंत एक आहे. स्टाफवर ते दोन्ही एकाच जागी बसतात. वादकासाठी मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण एक स्वर अंगठ्याने मोकळ्या तारेवर वाजतो, तर दुसऱ्यासाठी डावा हात पाचव्या फ्रेटपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे सूर कळून पुरत नाही, तार कळावी लागते. लिलीपॉन्डला नुसता सूर दिला, तर ते पहिल्या तारेपासून शोध सुरू करते आणि तो जी पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर टाकून मोकळे होते. पाचवी तार हवी असेल, तर स्वराच्या मागे उलटी तिरकी रेघ आणि ५ हा आकडा लिहावा लागतो. प्रत्येक वेळी हे लिहिणे सुरुवातीला जाचक वाटते, परंतु एका चालीत अंगठ्याचे स्वर कितीतरी वेळा येतात आणि त्यांतला एक जरी चुकीच्या तारेवर छापला गेला तरी शिकणाऱ्याचा हात अडतो. तेव्हा सॉफ्टवेअरने अंदाज बांधण्यापेक्षा लेखकाने स्पष्ट सांगितलेले बरे, असे माझे ठाम मत झाले आहे. तोच तोच मजकूर टाळायचा असेल, तर त्या स्वराला एक छोटे नाव देऊन ठेवता येते आणि पुढे फक्त ते नाव लिहिले की काम होते.

दुसरा प्रश्न फ्रेटच्या आकड्यांचा. टॅब म्हणजे प्रत्येक तारेसाठी एक रेघ आणि तिच्यावर फ्रेटचा आकडा अशी लेखनपद्धत. बँजोच्या टॅबमध्ये पाचव्या तारेचे फ्रेटसुद्धा मुख्य नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, मोजण्याची रूढी आहे. त्यामुळे त्या तारेवर मोकळा स्वर ० लिहिला जातो आणि त्यानंतरचा पहिला आकडा थेट ६ असतो. १ ते ५ हे आकडे तिथे येतच नाहीत. सर्वसाधारण गिटारचे गणित लावणारे सॉफ्टवेअर मोकळ्या जीच्या सात अर्धस्वर वरच्या डीसाठी ७ छापेल, आणि टॅब वाचणारा सातव्या फ्रेटवर बोट ठेवून ए वाजवेल. लिलीपॉन्डमध्ये टॅबच्या मांडणीसाठी खास बँजोचे सूत्र दिलेले आहे. ते निवडले की पाचव्या तारेच्या शून्याहून मोठ्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवले जातात आणि त्या डीसाठी योग्य तो १२ छापला जातो. हे सूत्र आपणहून लागू होत नाही, टॅबच्या व्याख्येत ट्यूनिंगच्या शेजारी ते नेमून द्यावे लागते, हे नवख्याने आधीच लक्षात ठेवावे.

स्टाफवर पाचव्या तारेचा स्वर ओळखू यावा, म्हणून काही पुस्तकांत त्याला वरच्या दिशेची स्वतंत्र दांडी (ठिपक्याला जोडलेली उभी रेघ) देतात. लिलीपॉन्डमध्ये दोन आवाज, म्हणजे एकाच स्टाफवर स्वरांच्या दोन स्वतंत्र ओळी, वापरून हे साधते: अंगठ्याचे स्वर वरच्या दांडीच्या आवाजात आणि बाकीचे खालच्या दांडीच्या आवाजात. क्लॉहॅमर या, बोटाच्या नखाने तारेवर खाली आघात करण्याच्या शैलीला ही मांडणी फार शोभते. तिच्या मूळ ठेक्यात आधी एक पाव स्वर (एक मात्रा), मग आघाताचा अष्टमांश (अर्धी मात्रा) आणि शेवटी अंगठ्याचा अष्टमांश येतो, त्यामुळे वरच्या आवाजात दीड मात्रा रिकामी सोडून एकच अष्टमांश लिहिला की अंगठ्याची जागा प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर येते. सगळ्यांत सुंदर छपाई होते ती पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी पाचवी तार एकदम वाजतात तेव्हा. दोन्ही आवाजांतले स्वर सारख्याच लांबीचे असतील, तर सॉफ्टवेअर त्यांचे ठिपके आपोआप एकावर एक आणते आणि एकाच ठिपक्याला वर एक आणि खाली एक अशा दोन दांड्या दिसतात. खालच्या टॅबवर त्याच उभ्या ओळीत सर्वांत वरच्या रेघेवर ५ आणि सर्वांत खालच्या रेघेवर ० येतो. एका दृष्टिक्षेपात दोन तारा आणि एक सूर हे सारे वाचता येते.

तीन बोटांच्या रोलसाठी, म्हणजे ठरावीक क्रमाने एकेक तार छेडण्याच्या आवर्तनासाठी, मात्र मी ही मांडणी सुचवणार नाही. तिसरी, दुसरी, पाचवी, पहिली, चौथी, दुसरी, पाचवी, पहिली असा अंगठा आलटूनपालटून येणारा रोल घेतला, तर पाचव्या तारेचे दोन स्वर वेगळ्या आवाजात काढल्याबरोबर खालच्या आवाजातल्या जोडरेघा तुटतात आणि आठ सारख्या स्वरांचा सलग ओघ डोळ्यांना दिसेनासा होतो. इथे सर्व स्वर एकाच आवाजात ठेवावेत आणि तारेचा आकडा छापू द्यावा. तो स्टाफवर वर्तुळातल्या ५ च्या रूपात येतो. खाली टॅब दिलेला असेल, तर ही वर्तुळे नको वाटतात, आणि एका आज्ञेने ती काढूनही टाकता येतात. टॅबवर दांड्या मुळातच छापल्या जात नाहीत, कारण स्टाफ सोबत असेल असे धरलेले असते. नुसता टॅब द्यायचा असेल, तर पूर्ण लेखनाची वेगळी आज्ञा आहे.

ट्यूनिंगची तयार यादी चांगली आहे. ओपन जी, सी, मोडल, ओपन डी, डबल सी आणि डबल डी ही सगळी नावानिशी मिळतात, आणि यादीत नसलेले ट्यूनिंग पाचव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत सूर क्रमाने लिहून स्वतः बनवता येते. सूर प्रत्यक्ष ऐकू येतात त्याच सप्तकात लिहायचे असतात. स्टाफवर ते एक सप्तक वर दिसावेत यासाठी खाली ८ चा आकडा असलेला ट्रेबल क्लेफ घ्यावा.

या सगळ्यात एक खरी उणीव आहे आणि ती स्पाइक वापरणाऱ्यांना भोवते. बँजोवादक पाचवी तार वर चढवताना एक तर खुंटी पिळतात, नाहीतर फ्रेटबोर्डात बसवलेल्या छोट्या खिळ्याखाली, म्हणजे स्पाइकखाली, तार अडकवतात. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) आणि सातव्या फ्रेटवर स्पाइक अशी नेहमीची जोडी असेल, तर काहीच बिघडत नाही, कारण सगळ्या तारा सारख्याच वर सरकतात आणि फ्रेट कॅपोपासून मोजले जातात. परंतु कॅपो न लावता ओपन डी ट्यूनिंगसाठी फक्त पाचवी तार सातव्या फ्रेटवर अडकवून ए मिळवला, तर तार आता पाचव्याऐवजी सातव्या फ्रेटपासून सुरू होते. त्यापुढचा बी प्रत्यक्षात नवव्या फ्रेटवर मिळतो. सॉफ्टवेअर मात्र दोन अर्धस्वरांत नेहमीचे ५ मिळवून ७ छापते. खुंटी पिळून तोच ए मिळवला असता, तर हा ७ अगदी बरोबर ठरला असता. ए कोणत्या मार्गाने आला, हे ट्यूनिंगच्या सुरांवरून सॉफ्टवेअरला कळू शकत नाही, आणि ते सांगण्याची सोय बँजोच्या सूत्रात ठेवलेली नाही. टॅबच्या मांडणीचे सूत्र स्वतः लिहून देता येते, त्यामुळे ५ च्या जागी ७ मिळवणारे छोटे सूत्र बनवून मार्ग निघतो, पण त्यासाठी स्कीम या संगणकभाषेच्या दोन-तीन ओळी लिहिण्याची तयारी लागते. तार कोणत्या फ्रेटपासून सुरू होते, एवढा एक आकडा वापरणाऱ्याला देता आला असता, तर ही कसरत वाचली असती.

लिहिताना फ्रेस्कोबाल्डी हा संपादक सोबत घ्यावा. त्यात मजकूर आणि छापील पान शेजारी-शेजारी दिसतात आणि पानावरच्या स्वरावर क्लिक केले की कर्सर मजकुरातल्या त्याच स्वरावर जातो. कुठल्या जीला ५ लावायचा राहिला आहे, हे शोधायला याहून सोपा उपाय नाही. ऐकून तपासण्यासाठी मिडी फाइलही तयार करता येते. तिच्यात फक्त सूर असतो, तार नसते, म्हणून पहिल्या तारेवर चुकून गेलेला जी कानाला अगदी बिनचूक लागतो. पाचव्या तारेची तपासणी छापील टॅबच्या सर्वांत खालच्या रेघेवर, एकेक शून्य पाहूनच करावी.