किडनी ट्रान्सप्लांटनंतर लघवीतलं प्रोटीन: पट्टी, कॅन की रेशो?

रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) स्थिर आहे म्हणून लघवीची तपासणी टाळू नका. बसवलेल्या किडनीच्या गाळण्या खराब होऊ लागल्या की बरेचदा लघवीत प्रोटीन आधी उतरतं, क्रिएटिनिन मागाहून चढतं. कोणती तपासणी, याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: नेहमीच्या देखरेखीसाठी सकाळच्या पहिल्या लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो. बाकीच्या हव्यातच, पण नेमक्या कामापुरत्या.

लघवीत बुडवायची पट्टी स्वस्त, निकालही एक-दोन मिनिटांत. पण तिला कळते ती प्रोटीनची दाटी, तीही मुख्यतः अल्ब्युमिनची. ट्रान्सप्लांट झालेल्यांना बहुधा भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं असतं आणि तिथेच ती फसते. समजा, लघवीत प्रोटीन ४५ आणि क्रिएटिनिन ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. पट्टीवर १ प्लस, रेशो ०.५. तोच माणूस पाणी जास्त प्यायला की आकडे होतात १५ आणि ३०. आता पट्टी ‘निल’ किंवा ‘ट्रेस’ म्हणेल. रेशो मात्र ०.५च. नॉर्मल ०.२च्या आत असतो, म्हणजे पट्टीने धीर दिला तो खोटा.

चोवीस तासांची लघवी कागदावर सगळ्यात अचूक, पण गोळा करतानाच बिघडते. सकाळी ६ची लघवी टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची ६चीसुद्धा. पहिलीच कॅनमध्ये गेली तर आकडा फुगतो, शौचाच्या वेळची निसटली तर घटतो. म्हणून त्याच कॅनमधलं क्रिएटिनिनही मोजून घ्याच. पुरुषात वजनाच्या दर किलोला २० ते २५ मिलिग्रॅम, बाईत १५ ते २० अपेक्षित असतं. ६० किलोच्या तरुण पुरुषाचं ७०० आलं तर कॅन अर्धवट आहे. त्या रिपोर्टवर औषध बदलू नये.

रेशोचीही एक खोट आहे. दिवसाला साधारण १ ग्रॅम क्रिएटिनिन बाहेर पडतं, असं त्यात गृहीत असतं. पिळदार शरीराच्या माणसाचं प्रोटीन त्यामुळे कमी दिसतं, कृश आजीचं जास्त. अशांची एकदा कॅनची तपासणीही जोडीने करून फरक फाइलमध्ये लिहून ठेवावा. एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोची तपासणी, मधुमेहींना उपयोगी, पण किडनीच्या नलिकांतून येणारी इतर प्रथिनं तिला दिसत नाहीत. लॅब बदलली तर एकक आधी पाहा: ०.५ आणि ५०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम एकच.

केडिगो या किडनीच्या आजारांवर मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९च्या सूचनांनुसार पहिल्या महिन्यात किमान एकदा, पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणी हवी. मूळ आजार एफएसजीएस (किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडण्याचा आजार) असेल तर पहिला आठवडा रोज आणि मग ४ आठवडे दर आठवड्याला, कारण तो नव्या किडनीतही उलटू शकतो. सुरुवातीचं प्रोटीन शरीरातच राहिलेल्या जुन्या किडन्यांचंही असू शकतं. ते काही आठवड्यांत उतरायला हवं.

ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा जोरदार व्यायाम असेल तेव्हा नमुना देऊ नका. सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिली जाणारी औषधं) सुरू झाल्यावर आकडा वाढला तर औषधाची तारीख डॉक्टरांना दाखवा. नव्याने प्रोटीन दिसू लागलं तर नमुना लगेच पुन्हा द्या. ते टिकून राहिलं, किंवा कारण न सापडता रेशो ३च्या वर गेला, तर बायोप्सीची चर्चा पुढच्या भेटीवर ढकलू नका.