जाकीट घालायला त्यानेच सांगितलं होतं

स्पेनमध्ये भाड्याची गाडी घेऊन निघणार असाल तर हे वाचा. हसायचं असेल तर हसून घ्या, मीही दुसऱ्यांना हसलोय. टायर फोडायचा, मागे मागे जायचं, मदतीला उतरायचं आणि बॅग उचलायची हा प्रकार नवा नाही. आमच्या इथे इंग्लंडात, रेडिंगला, ओळखीतल्या एका कुटुंबाची अशीच बॅग गेली तेव्हा "इतकं कसं कळत नाही माणसांना?" असं मीच म्हणालो होतो. चारचौघांत, जेवताना.

ऑगस्ट २०२३. बार्सिलोनाच्या एल प्रात विमानतळावर गाडी घेतली. आम्ही दोघं, दोन मुलं. जायचं होतं समुद्रकाठच्या रोसेसला, दीडशेच्या वर किलोमीटर. विमानतळाबाहेर लगेच एका पेट्रोल पंपावर पाण्याच्या बाटल्या घ्यायला थांबलो. शेजारी एक राखाडी गाडी उभी होती, आत दोघं. पुढे एपी-७ या हायवेला लागल्यावर अर्ध्या तासात स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं, आणि तेवढ्यात डावीकडून एक गाडी बरोबरीने आली. आतला माणूस खिडकीतून हात काढून आमच्या मागच्या चाकाकडे दाखवत होता. गाडी राखाडी. तीच. बायको म्हणालीसुद्धा, "ही मघाशी पंपावर होती ना?" मी म्हणालो, राखाडी गाड्या काय कमी असतात.

कडेला घेतली. ते पुढे थांबले. एकजण उतरून आला, चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, बोलणं सरळ इंग्रजीत. पहिलं वाक्य काय? "आधी जाकीट घाला." स्पेनमध्ये हायवेवर गाडीबाहेर पडताना चमकतं जाकीट घालावं लागतं, हे मला माहीत होतं, त्यामुळे माणूस नियमाचा वाटला. मग म्हणाला, बाईंना आणि मुलांना कठड्यापलीकडे उभं करा, इथे ट्रक जोरात जातात. हेही बरोबर. मग डिकीतलं सामान काढायला लावलं, कारण स्टेपनी खाली. प्रत्येक गोष्ट बरोबर सांगत होता हो! आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर जाकीट नव्हतं. भर हायवेवर, ट्रकच्या वाऱ्याने शर्ट फडफडत होता त्याचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं, मनात आलं की याचं जाकीट कुठाय, आणि तरी मी पाना शोधत बसलो. अजूनही रात्री जाग आली की मला तो फडफडणारा शर्ट दिसतो.

मी उजव्या बाजूला चाकाशी वाकलेलो. बाकीचे कठड्यामागे. डावी बाजू, म्हणजे रहदारीची, कोणीच बघत नव्हतं. माझ्या सीटमागे बायकोची पर्स-कम-सॅक होती. दोन मिनिटांत तो "पोलिसांना फोन करतो" म्हणून पुढे गेला आणि राखाडी गाडी निघूनही गेली. स्टेपनी शेवटी मीच चढवली.

मूर्ख म्हणाल, म्हणा. पण मी सांगलीचा माणूस. कोल्हापूर रोडला गाडी बंद पडली तर चार जण थांबतात, दोघं जॅक लावतात, एक उगाच सल्ला देतो. मदतीला आलेल्याला "लांब उभा राहा" म्हणायची सवय आपल्याला नाही.

गेलं काय ते लिहितो. रोख ६२० युरो. बायकोचा फोन, ८४९ पौंडांचा. चार ब्रिटिश पासपोर्ट. तात्पुरते प्रवास-दस्तऐवज प्रत्येकी १०० प्रमाणे ४०० पौंड, परत आल्यावर नवे पासपोर्ट २७२ पौंड. बार्सिलोनात जादा तीन रात्री ४७१ युरो, रोसेसचं भाडं आधीच भरलेलं असताना. कार्ड बंद करेपर्यंत त्यांनी ४८.५० आणि ४९.९० युरो टॅप करून उडवले. पिन लागू नये म्हणून ५० च्या आत. तेवढे बँकेने परत दिले.

आणि ओसीआय कार्डं, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्या लोकांना व्हिसाशिवाय भारतात जाऊ देणारी. स्पेनला ओसीआय कशाला नेली विचारू नका. पासपोर्टच्या कव्हरात होती, तशीच आली. तुम्ही आत्ता उठा आणि तुमची कव्हरातून काढून कपाटात ठेवा. पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसवलं, मग तक्रार लिहून घेणाऱ्याला ओसीआय म्हणजे काय तेच कळेना. मुलं भुकेने रडायला लागली म्हणून मी "राहू द्या" म्हणालो. राहू देऊ नका! नवीन कार्डासाठी पोलिसांचा कागद लागतो आणि माझ्या कागदावर फक्त "चार पासपोर्ट, एक बॅग, एक फोन" आहे. त्या दिवाळीला सांगलीला जाणं झालं नाही. आईला अजून वाटतं की मला सुट्टी मिळाली नाही.

पण खरा संताप विमा कंपनीचा. फोन केला की वीस मिनिटं संगीत. आधी म्हणाले पोलिसांच्या कागदाचं इंग्रजी भाषांतर द्या. दिलं, ९५ पौंड घालून. मग म्हणाले बॅग "लक्षाविना" ठेवली होती. मी विचारलं, गाडीपासून दोन मीटरवर चार माणसं म्हणजे लक्ष नाही? उत्तर आलं, गाडीला कुलूप नव्हतं. पंक्चर काढताना कुलूप लावायचं! रोख रक्कम अंगावर असेल तरच भरपाई, आणि तीही २०० पौंडांपर्यंत. पासपोर्टही त्याच बॅगेत, म्हणून तेही नाही. प्रत्येक पत्राखाली वेगळं नाव, आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. तक्रारीला आठ आठवडे उलटले की ब्रिटनच्या वित्तीय लोकपालाकडे फुकट जाता येतं, हे त्यांच्यातल्या एकानेही आपणहून सांगितलं नाही. मी गेलो आहे. तुम्हीही पॉलिसीतलं ते "लक्षाविना" कलम निघण्याआधी वाचा.

ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रवास-सूचनांत, स्पेनच्या पानावर, हायवेवरच्या या लुटारूंबद्दल स्पष्ट लिहिलंय: परक्या नंबरच्या आणि भाड्याच्या गाड्या हेरतात, थांबायचंच तर उजेडाच्या, वर्दळीच्या ठिकाणी थांबा. मी ते कधी वाचलं? हॉटेलात, त्या रात्री. म्हणून सांगतो, कोणी चाकाकडे बोट दाखवलं तर दिवे लावून हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत न्या, रिम गेली तरी चालेल, रिम स्वस्त पडते. मदतीला ११२ लावा. उतरायचंच झालं तर बॅग गळ्यात अडकवूनच उतरा.

गाडी परत दिली तेव्हा काउंटरवरच्या मुलीला सगळं सांगितलं. तिने मान हलवली, "हो, होतं असं," म्हणाली, आणि कार्ड मागितलं. टायर मूळ विम्यात येत नाही. १८७ युरो, वर ४५ युरो प्रशासकीय शुल्क.