मलेरिया नाही, मग ताप कशाचा? पिसवांच्या तीन आजारांची तुलना

आफ्रिकेतल्या खेड्यात दवाखाना सांभाळायला निघालेल्या तरुण डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. तिथे ताप म्हणजे मलेरिया, ही सवय फार जुनी. टांझानियातल्या मोशी इथे तापाने दाखल झालेल्या ८७० रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६०.७ टक्क्यांना मलेरिया म्हणून नोंदवले होते, प्रत्यक्षात तो निघाला १.६ टक्क्यांना!

मलेरियाची चाचणी कोरी आली, की प्लेग आधी वेगळा काढा. एकदम चढलेला ताप, जांघेत किंवा काखेत हात लावू न देणारी गाठ, आणि रुग्ण मादागास्करच्या पठारावरचा किंवा काँगोच्या इतुरीतला असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका. उपचाराविना गाठीच्या प्लेगने शंभरातले तीस ते साठ दगावतात. जेंटामायसिन हे प्रतिजैविक लगेच सुरू करा. खोकला असेल तर रुग्णाला वेगळे ठेवा.

दुसरा, मुरिन टायफस क्वचितच जीव घेतो, पण ओळखायला जास्त अवघड. उंदरावरच्या पिसवेची विष्ठा खाजवताना त्वचेत जाते. मग ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी. काळ्या त्वचेवर पुरळ सहज दिसत नाही, म्हणून पुरळ नाही एवढ्यावरून टायफस नाकारू नका. खरी फसगत टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीने होते. टायफॉइड समजून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिले जाते आणि रिकेट्सियावर, म्हणजे टायफसच्या जंतूवर, त्याचा काहीच परिणाम होत नाही. डॉक्सिसायक्लिन (मोठ्यांना १०० मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा) दिल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. पक्क्या निदानाला दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन रक्तनमुने लागतात. तोवर रुग्ण शेतावर परतलेला असतो. संशय बळकट असेल तर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा, मांजराच्या पिसवेतला रिकेट्सिया फेलिस. सेनेगल आणि केनियात २०१० साली तो तापाच्या रुग्णांत सापडला. पण पुढे ताप नसलेल्यांतही सापडला, त्यामुळे तापाचे खापर मी त्याच्यावर चटकन फोडणार नाही. औषध डॉक्सिसायक्लिनच.

प्लेगच्या गावात उंदीर मारण्याआधी पिसवा मारा. उंदीर मेला की पिसवा माणसाकडे वळतात. आपल्याकडे प्लेगच्या साथीत उंदीर पडू लागले, की लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत, ते याच अनुभवातून.