टेबलावरचा एक, टेबलाखालचा एक

माझ्या काउंटरवर सध्या एक गमतीशीर देखावा आहे. चोवीस इंची ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच सगळा कॉम्प्युटर असलेला, भिंतीकडे तोंड करून उभा आहे आणि त्याच्या पाठीतून निघालेल्या केबलवर जुना अठरा इंची मॉनिटर चालतोय. वेगळा मॉनिटर नको म्हणून जो घेतला, त्यालाच शेवटी मॉनिटर जोडावा लागला. गिऱ्हाईक बघतं, हसतं आणि विचारतं, "काका, पोरीला कॉम्प्युटर घ्यायचाय. असला एकातच सगळं असलेला घेऊ, का सीपीयूवाला?" मॉनिटरपासून वेगळा असलेला कॉम्प्युटरचा उभा डबा म्हणजे टॉवर, पण आमच्या सांगलीत त्याला कोणी टॉवर म्हणत नाही, सीपीयूच म्हणतात. टॉवर म्हटलं की मोबाइलचा. तर काउंटरवर रोज तुकड्यातुकड्यांनी देतो ते उत्तर आज सलग लिहितो.

मी हरभट रोडच्या मागच्या बोळात डीटीपी करतो. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, भजनी मंडळांची हँडबिलं असतातच, पण पोट भरतं ते पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांवर. संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की ताळेबंदाच्या फायली घेऊन सेक्रेटरी दारात उभे. आणि कृष्णामाईला फिरायला यायचं असलं तर तेही नेमकं त्याच दिवसांत.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथे ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २००५ ला दुकानात गुडघाभर पाणी आलं होतं, त्या हिशेबानं मी सीपीयू टेबलावर चढवला आणि निघालो. शटर ओढता ओढता काय मनात आलं कोण जाणे, परत आत गेलो. बाजूचं झाकण काढलं, चार स्क्रू आणि दोन केबल सोडवल्या, हार्ड डिस्क दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली आणि पँटच्या खिशात घातली. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर गाळाची रेघ टेबलाच्या वर दीड फूट. बोर्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, प्रिंटर, सगळ्यात चिखल. पण अकरा संस्थांचे अहवाल माझ्या खिशात होते. मिरजेला हार्डवेअरवाल्याच्या दुकानात दुसऱ्या एका सीपीयूला ती डिस्क लावली आणि त्याच रात्री काम सुरू केलं.

हे सगळं पाहूनही मी पुढे ऑल-इन-वन घेतला, त्याला कारण आमच्या सौ. "अहो, तुम्ही स्क्रू सोडवत बसलात आणि मी पाण्यात उभी. पुढच्या खेपेला उचलून पळता येईल असलं काहीतरी घ्या." बोलणं रास्त होतं. २०२१ च्या सुरुवातीला ४६ हजारांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, नावाशी माझं भांडण नाही.

आणि खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मी त्याचं कौतुक करताना थकत नव्हतो. टेबलावर एकच वायर. प्रूफ पसरायला जागा झाली. कॅमेरा, माइक, स्पीकर आतच, त्यामुळे पुण्याच्या लेकीशी दुकानातूनच बोलणं व्हायचं. वीज गेली की सहाशे व्हीएच्या यूपीएसवर जुना सीपीयू आणि मॉनिटर बारा-पंधरा मिनिटं तग धरायचे, हा पठ्ठ्या अर्धा तास चालायचा. आत सगळा लॅपटॉपचाच माल, वीज खाणार ती किती? तक्रार एकच, पडदा फक्त मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही. मान धरायला लागली तेव्हा खाली जुने अहवाल रचले. त्यांचा एवढा उपयोग सभासदांनीही कधी केला नसेल.

त्याच २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. यंत्र चादरीत गुंडाळलं, मुलानं स्कूटरवर मागे बसून मांडीवर धरलं आणि आम्ही विश्रामबागला बहिणीकडे. दोन तासांत तिच्या जेवणाच्या टेबलावर पत्रिकेचा मजकूर लावत होतो. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर दहापैकी दहा दिले असते.

मग काम वाढलं, तसं यंत्र दमायला लागलं. इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, ती सांगतो. स्टिकरवर प्रोसेसरचं नाव आय-थ्री लिहिलेलं असलं म्हणजे आत एकच वस्तू असते असं नाही. माझ्या ऑल-इन-वनमधला १११५जी४, म्हणजे लॅपटॉपचा, दोन कोरचा, म्हणजे काम करणारे हात दोनच. आज माझ्याकडे जो सीपीयू आहे त्यातला १२१००, तोही आय-थ्रीच, पण चार कोरचा. एक कारमध्ये बसणारा ड्रायव्हर, दुसरा ट्रकचा. दोघांनाही लोक ड्रायव्हरच म्हणतात. फोटोंनी भरलेल्या अहवालाची पीडीएफ काढायला लावली की मी चहा पिऊन यायचो, आणि परत आलो तरी निळी पट्टी अर्ध्यावरच. घेताना पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

रॅम वाढवावी म्हणून मिरजेला नेला. हार्डवेअरवाल्यानं चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "काका, ह्यो पुढनं उघडायचा का मागनं हेच कळंना की ओ." शेवटी प्लॅस्टिकच्या पट्टीनं कडेकडेनं पडदा उचकटला. प्रत्येक क्लिप सुटताना जो कट् असा आवाज यायचा, तो माझ्या छातीत व्हायचा. आत रॅमला जागा एकच, त्यामुळे जुनी आठची काढून सोळाची घातली. काढलेली आठ जीबी अजून ड्रॉवरमध्ये आहे. लॅपटॉपची असल्यामुळे सीपीयूतही चालत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, पडद्याच्या उजव्या अंगाला एक हिरवी उभी रेघ आली. आधी वाटलं, पत्रिकेच्या बॉर्डरचीच आहे. चार दिवसांत दोन झाल्या, मग निम्मा पडदा काळा. वॉरंटी एक वर्षाची, ती कधीच संपलेली. सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं, पॅनेल साडेअठरा हजार, तीन आठवडे, आणि यंत्र अख्खं ठेवून जायचं. वर एका कागदावर सही, की आतला डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही. बाविसाव्या दिवशी ज्याच्या मुलाचं लग्न आहे त्या वरबापाला मी काय तो कागद दाखवू?

वाचवलं ते पाठीमागच्या एचडीएमआयच्या भोकानं. माळ्यावरचा जुना मॉनिटर काढून जोडला आणि काम चालू झालं. आंधळा झाला तरी डोकं शाबूत होतं. उलटी गोष्ट मात्र जमत नाही. उद्या त्याचं डोकं गेलं आणि पडदा चांगला असला तरी तो पडदा मॉनिटर म्हणून वापरता येणार नाही, कारण बाहेरून आत चित्र घेणारं पोर्टच दिलेलं नाही. काही मॉडेलांना ते असतं. ऑल-इन-वन घ्यायचाच असेल तर पाठ फिरवून 'एचडीएमआय इन' लिहिलेलं आहे का, एवढं बघाच. ॲपलचे आयमॅक २००९ ते २०१४ च्या काही मॉडेलांत दुसऱ्या मॅकचा मॉनिटर व्हायचे, पुढे त्यांनीही ती सोय काढली. लेक म्हणते, "बाबा, आता आयमॅकच घ्या." दिसायला देखणा आहे यात वाद नाही, साडेअकरा मिलिमीटर जाडी म्हणजे माझ्या पावती-बुकाएवढी. पण रॅम घेताना ठरवाल तेवढीच, पुढे वाढवायची सोय नाही.

शेवटी परत सीपीयूकडे आलो. १२१००, सोळा जीबी, पाचशेची एसएसडी, बावीस इंची मॉनिटर, सगळं धरून तेव्हा छत्तीस हजारांच्या आसपास पडलं. विंडोजच्या लायसन्सचे वेगळे. पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही. मी मिरजेत होतो. फोनवर सौंना सांगितलं, झाकण काढा, रॅमच्या दोन्ही टोकांच्या कड्या दाबा, पट्टी बाहेर काढा, सोनेरी पायांवरून खोडरबर फिरवा. दमट हवेनं पायांवर थर बसतो, तो निघतो. नातवाच्या कंपासातला रबर घेतला, दोनदा घासला, पट्टी खटकन बसवली आणि डिस्प्ले आला. दुरुस्तीचा खर्च शून्य, आणि तेव्हापासून त्या मला विचारल्याशिवाय झाकण उघडतात.

धुळीचंही तेच. हार्डवेअरवाला सांगतो, मार्केट यार्डातल्या अडत्याचा सीपीयू उघडला की आतून पिवळाधमक, हळदीनं माखलेला. ब्लोअर मारला की दोन मिनिटांत साफ. ऑल-इन-वनच्या आतला पंखा लॅपटॉपच्या पंख्यासारखा चपटा, तिथवर पोचायला आधी पडदा उचकटायचा.

आणखी एक माझ्यापुरती अडचण. जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक आहे माझ्याकडे, प्रिंटरच्या मोठ्या पोर्टात बसणारं, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावून ऑल-इन-वनला दिलं, ओळखच पटेना. म्हणून विंडोज एक्सपीचा एक जुनाट सीपीयू घरी ठेवलाय, इंटरनेट न जोडता. २००३ चा अहवाल "तसाच्या तसा पाहिजे" म्हणणारं गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तरी येतंच.

तर पोरीला काय घ्यायचं? अभ्यास, ऑनलाइन क्लास, थोडंफार टायपिंग, घरात जागा कमी, तर ऑल-इन-वन घ्या. एसएसडी असलेलाच घ्या आणि वॉरंटी तीन वर्षांची करून घ्या, वर पैसे गेले तरी. दवाखान्यात, वकिलांच्या ऑफिसात तोच शोभतो. ज्याच्यावर रोजची भाकरी आहे त्यानं मात्र सीपीयूच घ्यावा. माझ्याकडून ऑल-इन-वनला दहापैकी सहा, त्यातला एक त्या स्कूटरच्या फेरीचा.

माझा सीपीयू आता टेबलाखाली नाही. भिंतीत लोखंडी अँगल मारून सहा फुटांवर बसवलाय, खाली मॉनिटरपर्यंत पाच मीटरची केबल सोडली आहे. चालू करायचं बटण सौंच्या हाताला येत नाही, त्या मोजपट्टीनं दाबतात.